खोलीचं आतलं माप

३ जानेवारी

ओळंब्या,

आशीर्वाद आहेतच, ते धरून चाल आणि पुढे वाच. फोन करणार होते, पण तुझ्या कानांनी जन्मभर काँक्रीटचा मिक्सर ऐकला, आता त्यांना बहीण ऐकू येत नाही. मागच्या वेळी मी अर्धा तास बोलले आणि शेवटी तू म्हणालास, "हो, छान, छान." मी गुडघ्याबद्दल सांगत होते.

रविवारी दोन्ही मुलं आली. एकेकटा आला तर भेटायला येतो. दोघं मिळून आले की काहीतरी ठरवून येतात, हे मला आता पाठ झालंय. थोरल्याने घसा साफ केला, बारक्याने पंखा बंद केला, म्हणजे आवाज मला नीट यावा. ठरलंय असं: घर विकायचं. मी चार महिने थोरल्याकडे, चार महिने बारक्याकडे आणि उरलेले चार महिने "बघू". आईला वर्षातले चार महिने कुठे ठेवायचं ते बघू.

कारण काय, तर समोरच्या बाईंनी मला जिना उतरताना पाहिलं. बसून उतरते मी हल्ली, एकेक पायरी सरकत. अठरा पायऱ्या आहेत, तूच बांधल्यास. झोपायची खोली वर, न्हाणीघर वर, स्वयंपाकघर आणि माझा शिवणक्लास खाली. दिवसातून तीनदा वरखाली. गुडघे संपावर गेले आहेत, हे मी मान्य केलं. पण पायऱ्या जमत नाहीत तर पायऱ्यांशी संबंध तोडायचा, घराशी कशाला?

तेव्हा ऐक. मी स्वयंपाकघराच्या मागे एक खोली आणि न्हाणीघर काढणार आहे. तुझे दाजी गेल्यापासून घर माझ्या नावावर आहे. अजून सात मुली माझ्याकडे शिवण शिकायला येतात, आणि चार-चार महिने मुक्काम हलवणाऱ्या बाईकडे कोणी शिवण शिकायला येत नाही. तू सगळी हयात भिंती सरळ आहेत का ते बघायला खिशात ओळंबा घेऊन साइटवर सुपरवायझर होतास, हे घर तूच उभं केलंस. सांग, मागे खोली निघेल का? सुरुवात कुठून करू?

मला सल्ला हवा आहे, मत नको. मतं या घरात रविवारी भरपूर झाली.

अक्का


१४ जानेवारी

ती. अक्का,

नमस्कार. पत्र दोनदा वाचलं. मत नको म्हणतेस, तरी आधी तेच देतो, कारण ते मला द्यावंसं वाटतं.

पोरांचं ऐक. सत्तरीत बांधकाम काढू नये. धूळ, आवाज, माणसांची ये-जा, रोज नवीन कटकट. मी बघ, हिच्या पश्चात माझं घर विकलं आणि चिरंजीवांकडे आलो. त्या पैशातूनच त्यांनी हे मोठं घर घेतलं. छान चाललंय. माझी जागा हवेशीर आहे, तीन बाजूंनी उजेड येतो, खालचा अख्खा रस्ता दिसतो. सूनबाई वेळेवर चहा देते. या वयात माणसाला आणखी काय लागतं?

हे झालं मत. तू ते ऐकणार नाहीस, म्हणून आता सल्ला.

खोली निघेल. पण नकाशा काढायच्या आधी, मिस्त्रीला बोलवायच्याही आधी, एक काम कर. पिशवीभर चुन्याची फक्की आण आणि मागच्या मोकळ्या जागेत खोली जमिनीवर आख. भिंती, दार, खिडकी, न्हाणीघर, सगळं खऱ्या मापाचं. मग त्यात पलंग नेऊन टाक, खुर्ची टाक आणि आठ दिवस दिवसभर तिथेच राहा. भिंत ओलांडून जायचं नाही, दारातूनच आत-बाहेर करायचं. कागदावर सगळ्यांच्याच खोल्या चांगल्या दिसतात. फक्कीची रेघ पुसायला झाडू पुरतो, वीट काढायला घण लागतो.

दुसरं म्हणजे तुझी मागची खिडकी. आठवत असेल, ती तीन फुटांची आहे, पण तिच्यावरचं काँक्रीटचं लिंटेल मी सहा फुटांचं टाकलं होतं. दाजी म्हणाले होते, एवढ्याशा खिडकीवर एवढी तुळई कशाला. मी म्हटलं, असू द्या. पुढेमागे त्या खिडकीचं दार करायची वेळ आली तर वरच्या भिंतीला हात लावावा लागू नये म्हणून. ती वेळ आता आलेली दिसते. खिडकीखालच्या विटा काढल्या की तुझं दार तयार.

मिस्त्रीला नेहमी आतलं माप सांग. भिंतीला जाडी असते हे घरमालक हमखास विसरतात आणि मग पलंग बसत नाही.

तुझा,
ओळंबा


२ फेब्रुवारी

ओळंब्या,

तुझं मत चुलीत घातलं आणि सल्ला फ्रिजवर चिकटवला.

आठ दिवस फक्कीच्या खोलीत राहिले. पलंग क्लासमधल्या मुलींनी ओढत नेला. पहिल्या दिवशी दहा बाय बाराच्या खोलीत ऐटीत बसले आणि चहा पिऊन उठले ती सरळ भिंतीतून चालत गेले. मुली ओरडल्या, "बाई, भिंत!" तिसऱ्या दिवसापर्यंत माझेही पाय दारातून जायला शिकले. दार मी आधी डाव्या कोपऱ्यात धरलं होतं. तिथून पलंगापर्यंत सहा पावलं पडतात, मधे धरायला काही नाही. दार तर तुझ्या खिडकीच्याच जागी, म्हणून अख्खी खोलीच सरकवली. खिडकी पश्चिमेला हवी म्हणत होते. दुपारी चारला डोळे उघडवेनात. खिडकी पण सरकवली. फक्की आणि झाडू, दुसरा खर्च नाही. तीस वर्षांपूर्वी हेच केलं असतं तर न्हाणीघर वर गेलं नसतं, पण तेव्हा माझे गुडघे ठणठणीत होते आणि तुझ्या दाजींचा आवाज चढा.

समोरच्या बाईंनी अर्थातच थोरल्याला कळवलं. त्याचा फोन आला. "आई, तू उघड्यावर पलंग टाकून बसतेस?" मी म्हटलं, "उघड्यावर नाही, खोलीत बसते." तो मग अगदी हळू आवाजात विचारतो, "आई, आज वार कोणता?" मी वार सांगितला, तारीख सांगितली आणि त्याच्या सासूचा वाढदिवस कालच झाला, तो विसरून बसलाय, हेही सांगितलं.

नकाशासाठी माझीच एक जुनी विद्यार्थिनी मिळाली. शिवणात तिचं कधी डोकं चाललं नाही, पण नकाशे उत्तम काढते. मंजुरीचे कागद तिने भरले आहेत.

आता एक विचारते. म्हातारं माणूस ज्यात सुखाने राहतं अशी एक खोली मला ठाऊक आहे, ती म्हणजे तुझी. तिचं माप कळव. लांबी, रुंदी, खिडक्या कुठे, पलंग कुठे. तीन बाजूंनी उजेड मला फारच आवडला. मीही तीन भिंतींना मोठाल्या खिडक्या ठेवाव्या म्हणते.

अक्का


१३ फेब्रुवारी

ती. अक्का,

तीन भिंतींना खिडक्या अजिबात ठेवू नकोस. चौथ्या भिंतीत दार, मग कपाट कुठे लावशील? उन्हाळ्यात भाजशील आणि थंडीत गारठशील. पडदे किती लावले तरी उजाडलं की जाग येते आणि समोरच्या इमारतीतल्या लोकांना तू काय वाचतेस तेही दिसतं. दोन खिडक्या पुरेत, समोरासमोर.

माझ्या मापाचं काय करायचंय? मला पुरते.

आता न्हाणीघराचं नीट ऐक, सगळ्यात जास्त चुका तिथे होतात. दार बाहेर उघडणारं कर. आत उघडणारं केलंस आणि आत पडलीस, तर तुझ्याच अंगाने दार अडेल आणि बाहेरच्याला ते उघडता येणार नाही. उंबरा नको. फरशी खोलीपेक्षा अर्धा इंच खाली आणि उतार मोरीकडे. बादलीभर पाणी ओतून बघितल्याशिवाय फरशीवाल्याला जाऊ देऊ नको. फरशी खरखरीत घे, गुळगुळीत दुकानातच शोभते. धरायच्या दांड्या कुठे हव्यात ते आत्ता ठरव, म्हणजे तिथली भिंत भरीव येईल. नंतर टाइल फोडून दांडी लावली की ती एक दिवस माणसासकट हातात येते.

पायाचं. नवा पाया जुन्याच्या खाली खणू देऊ नको. तीस वर्षांत तुझं घर मातीत बसायचं तेवढं बसलंय, नवी खोली अजून बसायची आहे, म्हणून दोन्ही भिंती एकमेकींत गुंतवायच्या नाहीत, मधे सांधा ठेवायचा. आणि छप्पर होईपर्यंत खिडकी फोडायची नाही. मिस्त्री म्हणेल, बाई, ये-जा करायला सोपं पडेल. त्याला सोपं पडेल, तुझं घर मात्र दोन महिने मागून उघडं राहील.

थोरल्याने वार विचारला हे वाचून राग आला. तू उत्तर चांगलं दिलंस.

ओळंबा


९ एप्रिल

ओळंब्या,

मंजुरी आली, मिस्त्री आला, पाया भरला, भिंती कमरेइतक्या आल्या. आणि माझ्या हातून एक घोटाळा झाला आहे. तो मी जगात फक्त तुला सांगणार आहे.

मिस्त्रीला आम्ही "होईल-होईल" म्हणतो. काहीही विचारा, "होईल, बाई, होईल." माणूस कामाला चोख, पण प्रश्न म्हणून विचारत नाही. मंजूर झालेला नकाशा मळू नये म्हणून मी कपाटात ठेवला. होईल-होईलसाठी मी खाकी कागदाचा वेगळा खाका कापला, ब्लाउजचा कापते तसाच. एक इंच म्हणजे एक फूट. त्यावर ठसठशीत लिहिलं, "आतलं माप." तुझीच आज्ञा.

तो खाका त्याने खिळ्याला लावला आणि त्यावर पट्टी धरून चर खणला. मी रोज मागे खुर्ची टाकून बसत होते, पण फक्की कधीच पुसली गेली होती आणि उघड्या मातीत खोली केवढी दिसते याचा अंदाज येत नाही. काल भिंतींच्या आत उभी राहिले आणि वाटलं, ही जरा ऐसपैस आहे. टेप लावली. बारा बाय चौदा.

आधी होईल-होईलवर कडाडले. तो बिचारा खाका घेऊन आला आणि पट्टी लावून दाखवली. त्याचं एका दोऱ्याचंही चुकलेलं नाही. चाळीस वर्षं मी कुठलाही खाका कापताना शिलाईसाठी चारी बाजूंनी इंचभर माया सोडते. हात आपला आपण सोडतो, मला विचारत नाही. कागदावर सोडलेला एकेक इंच जमिनीवर एकेक फूट झाला.

नेमका आज थोरला आला. नकाशेवालीचं ड्रॉइंग मागितलं, टेप लावली आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी गॅस चालू ठेवून बाहेर गेले होते. "आई, दोन-दोन फूट चुकलंय. तुला कळतंय का, काय करून बसलीस?" मी म्हटलं, "चुकलं नाही, मुद्दाम केलंय." खोटं बोलले. सत्तर वर्षांच्या बाईने स्वतःच्या घरात एक चूक केली तर ती चूक धरत नाहीत, तो आजार धरतात. मी पंचवीस वर्षांची असते तर तो हसला असता.

तो म्हणाला, काम थांबव. मी होईल-होईलला त्याच्यासमोर विचारलं, "उद्या सकाळी आठला येणार ना?" तो म्हणाला, "होईल, बाई."

आता तू सांग, भिंती पाडू का? रडू येतंय, पण ते थोरल्यासमोर यायचं नाही असं त्याला बजावलंय.

आणि हो, विचारूनही तुझ्या खोलीचं माप आलं नाही. ज्या माणसाने स्वतःच्या लग्नात मांडवाचे खांब मोजले, त्याने बहिणीला माप कळवू नये, हे मला काही पटत नाही.

अक्का


२० एप्रिल

आदरणीय मामा,

सा. नमस्कार. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून लिहितो आहे.

आईच्या बांधकामाचं तुम्हाला माहीत आहेच, कारण ती तुमच्याच सल्ल्याने चालली आहे असं तिच्या बोलण्यातून कळतं. मामा, खोली दोन्ही बाजूंनी दोन-दोन फुटांनी चुकली आहे आणि ती म्हणते की मुद्दाम केलं. आधी उघड्यावर पलंग टाकून बसत होती. मला भीती वाटते. मी इथे पाच तासांच्या अंतरावर असतो. ती एकटी पडली तर मला कधी कळणार? समोरच्या बाईंच्या फोनवर किती दिवस काढायचे? लोकांना वाटतं की मला घर विकायची घाई आहे. घाई नाही, मामा. फोन वाजला की मला धडकी भरते, एवढंच आहे.

ती तुमचं ऐकते. काम थांबव आणि मुलांकडे जा, असं तिला दोन ओळींत लिहा. तुमचंच उदाहरण द्या. तुम्ही दादाकडे गॅलरीत राहता, पण कधी कुरकुर केली नाही, सगळं समजून घेतलंत. आईला हे समजूतदारपण कधी येणार?

आपला,
थोरला भाचा


२८ एप्रिल

अक्का,

थोरल्याचं पत्र सोबत जोडलं आहे. त्याने ते तुझ्यापासून लपवून लिहिलं, मी ते न लपवता पाठवतो. रागावू नकोस, त्यातली भीती खरी आहे. पण शेवटच्या चार ओळी वाच.

वाचल्यास? आता माप घे.

रुंदी तीन फूट दहा इंच. लांबी नऊ फूट दोन इंच. तीन बाजूंना काच. पलंग नाही, घडीची खाट आहे, ती दिवसा भिंतीला उभी करावी लागते, नाहीतर कपडे वाळत घालायला जाता येत नाही. दार नाही, हॉलमधून यायला सरकती काच आहे. तिची कडी हॉलच्या बाजूने आहे.

फेब्रुवारीत एका सकाळी सगळे कुठल्याशा कार्यक्रमाला गेले. बाहेर पडताना गॅलरीची कडी लावायची घरात सवय आहे, तशी ती कोणीतरी लावली. मी आत पेपर वाचत होतो. ते गेल्याचं मला ऐकू आलं नाही आणि मी आत आहे हे कोणाच्या लक्षात आलं नाही. दुपारी चार वाजता ते परत आले. सूनबाई रडली, चिरंजीव पुन्हा पुन्हा माफी मागत राहिले. ती माणसं वाईट नाहीत, अक्का. पण सहा तास काचेच्या आत बसून मी खालचा अख्खा रस्ता बघितला आणि चार दिवसांनी तुला पत्र लिहिलं की माझ्या मापाचं काय करायचंय, मला पुरते.

पोरांचं ऐक, हे मी तुला लिहिलं होतं. ते मत मी परत घेतो. माझं चुकलं हे एकट्यानेच कबूल करायची लाज वाटत होती. तू पण आलीस तर सोबत होईल, असं कुठेतरी मनात होतं. हे लिहायला मला आठवडा लागला.

आता तुझी चूक. एकही वीट पाडू नकोस. मी सगळं सांगितलं, पण एक गोष्ट मुद्दाम टाळली, कारण वाचून तू पत्र फाडलं असतंस. पुढे कधी चाकाची खुर्ची लागली तर ती वळायला पाच फुटांचा गोल मोकळा लागतो. दहा बाय बारात पलंग आणि कपाट लावल्यावर तो उरत नव्हता. बारा बाय चौदात उरतो. माझ्या भित्रेपणापेक्षा तुझ्या हाताची सवय जास्त शहाणी निघाली. थोरल्याला सांग, मुद्दामच केलं. मी साक्षीदार आहे.

मात्र तीन कामं लगेच कर. नकाशेवालीकडून सुधारलेला नकाशा काढून मंजूर करून घे, नाहीतर पोरांच्या हाती नसतं निमित्त जाईल. शेजारच्या हद्दीपासूनचं अंतर स्वतः टेप लावून बघ. आणि इंजिनिअरला बोलाव. छताच्या सळया दहा फुटांच्या हिशोबाने ठरल्या होत्या, आता दोन भिंतींमधला गाळा बारा फुटांचा झाला, जाडी आणि सळया दोन्ही बदलतील. या बाबतीत होईल-होईलचं "होईल" चालणार नाही. आणि मंजूर नकाशा कपाटातून काढ. तो मळण्यासाठीच असतो.

थोरल्याला मी दोन ओळी लिहिल्या, त्याने मागितल्या होत्या म्हणून. "तुझ्या आईचं काम थांबणार नाही. आणि गॅलरीबद्दल मी कुरकुर केली नव्हती, ती आता करतो आहे."

ओळंबा


३० मे

ओळंब्या,

महिनाभर लिहिलं नाही. पहिले आठ दिवस तुझं पत्र हातात घेतलं की अक्षरं दिसत नव्हती, आणि नंतर छत पडत होतं.

छत झालं. इंजिनिअर आला, सळया वाढल्या. सुधारलेला नकाशा मंजूर झाला. शेजारच्या हद्दीपासूनचं अंतर नियमात बसलं, सात इंच वर उरले. खिडकीखालच्या विटा परवा काढल्या. तुझ्या लिंटेलला धक्कासुद्धा लागला नाही, होईल-होईल त्याच्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "बाई, हे ज्याने टाकलं त्याला आधीच ठाऊक होतं." आयुष्यात पहिल्यांदा तो होईल सोडून काही बोलला.

थोरला आला होता. त्याचं पत्र मी त्याच्यापुढे ठेवलं. तो वरमला. मग नव्या खोलीत बराच वेळ फिरला, न्हाणीघराचं दार बाहेर उघडून बघितलं, पुन्हा उघडून बघितलं. म्हणाला, "आई, खोली चांगली झाली. पण तू पडलीस तर?" मी म्हटलं, "तुझ्याकडे पडले असते तर काय केलं असतंस?" तो म्हणाला, "निदान घरात कोणी असतं." तेवढं त्याचं बरोबर आहे.

म्हणून तुला सांगते. विचारत नाही, सांगते. वरच्या दोन्ही खोल्या आता रिकाम्या होणार. मोठी दहा बाय चौदाची, तूच बांधलीस, तुला माप सांगायला नको. तू चाळीस वर्षं परांचीवर चढलास, तुला अठरा पायऱ्यांचं काय? मी हे जानेवारीतच म्हटलं असतं, पण तू उजेडाच्या थापा मारून माझं तोंड बंद केलंस. मला वाटलं, सुखात असलेल्या माणसाला आपल्या खटपटीत कशाला ओढा.

चिरंजीवांना वाईट वाटेल, लोक काय म्हणतील, म्हातारपणी बहिणीच्या दारात कशाला, हे सगळं तू लिहिणार. ते एका कागदावर लिही आणि तुझ्याकडेच ठेव. बहिणीच्या दारात नाही, तू बांधलेल्या घरात येतो आहेस. आल्यावर भांडणं होतील, ती मला आत्ताच दिसताहेत. चहात साखर किती यावरून पहिलं होईल.

थोरला हे ऐकून म्हणाला, "आई, मामांना ऐकू येत नाही. तू हाक मारलीस तर त्यांना कळणार कसं?" मी म्हटलं, ते तो बघेल. आता तू बघ.

पंधरा जूनपासून आतला गिलावा सुरू होतोय.

अक्का


५ जून

अक्का,

गिलावा थांबव.

हे पत्र हातात पडताच होईल-होईलला फोन कर, मी येईपर्यंत भिंतीला थापी लागता कामा नये. पलंगाच्या डोक्याशी एक बटण हवं. दुसरं न्हाणीघरात, मोरीपासून लांब, कोरड्या भिंतीवर, पण जमिनीपासून फक्त एक फूट उंच. नेहमीच्या उंचीवर नको. पडलेल्या माणसाचा हात वरपर्यंत जात नाही. ते पाणी न शिरणाऱ्या झाकणाचं घ्यायचं आणि त्याची वायर कमी दाबाची, घंटीला असते तशी. दोन्हींच्या वायरी एका नळीतून भिंतीच्या आतून वर न्यायच्या, जिन्याच्या बाजूने, मोठ्या खोलीत, उशापाशी. तिथे लाल दिवा, झोपलेल्याच्या डोळ्यांवर येईल असा. ऐकू येत नाही, पण दिसतं मला अजून चांगलं. गिलाव्यानंतर हे करायचं तर भिंत फोडावी लागेल, म्हणून घाई.

थोरल्याला सांग, प्रश्न बरोबर विचारलास, आणि आल्यावर पहिल्यांदा ते बटण त्यानेच दाबून बघायचं.

चिरंजीवांना काल सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, सूनबाईलाही. मी म्हटलं, गॅलरी आता तुम्हाला कपडे वाळत घालायला पूर्ण मिळेल. ते हसले नाहीत. मग नातीने विचारलं, आजोबा, तुम्ही परत कधी येणार? मी म्हटलं, सुट्टीत तूच ये, तुला एक खोली दाखवतो, चुकून मोठी झालेली.

गुरुवारी दुपारच्या गाडीने निघतो. सामान फार नाही, एक ट्रंक आणि ओळंबा. न्यायला कोणी येऊ नका, रस्ता मला ठाऊक आहे.

वरच्या मोठ्या खोलीच्या दाराला कडी आतून आहे. तीस वर्षांपूर्वी मीच लावली होती. गंजली असेल, तेवढं तेल घालून ठेव.

ओळंबा